एकाचं 'नाही' पुरे

११ फेब्रुवारी, रविवार

पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं आणि मी 'नाही' म्हणाले!

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. सकाळी आम्ही चौघं ओळीत उभे राहिलो, पाण्याकडे तोंड करून. क्लबचा हा नियम बाबांनीच घातलेला, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचा. कयाक पाण्यात घालायच्या आधी प्रत्येकाने समुद्र बघायचा आणि एकच शब्द बोलायचा — हो किंवा नाही. सगळ्यात नवा आधी, सगळ्यात जुना शेवटी, म्हणजे नवख्याला मोठ्यांच्या सुरात सूर मिसळता येत नाही. एकाचं जरी 'नाही' आलं तरी होड्या परत शेडमध्ये. आणि का, ते कोणी विचारायचं नाही. त्या वेळीही नाही, नंतर चहा पितानाही नाही.

नवी 'हो' म्हणाली. (बँकेत काउंटरवर असते, थंडीच्या सुरुवातीला क्लबात आली, तेव्हापासून तिचं नावच 'नवी' पडलंय.) मग माझी पाळी. माझ्यानंतर क्लबातले जुने मास्तर, शेवटी बाबा. वारा म्हणावा तर दोरीवरचा टॉवेल हलत नव्हता. ओहोटीही भांगाची, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या दिवसांतली, ओढ कमी. बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात — आम्ही त्याला नुसतं 'मधलं' म्हणतो — अशाच दिवशी उतरायचं असतं.

पण बाबा शेडपासून होडी आणताना दोनदा थांबले होते. शेजारी उभी राहून मी त्यांचा श्वास ऐकत होते. आणि तोंडातून निघून गेलं.

मास्तरांनी समुद्राकडे पाहिलं, मग वाळूकडे. बाबा म्हणाले, "चला, वर घ्या होड्या." त्यांच्या आवाजात काही नव्हतं. चहाही नेहमीसारखाच प्यायलो.

१२ फेब्रुवारी

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या. एका आजोबांची वरची कवळी तिसऱ्यांदा परत आली — "बोलताना शिट्टी वाजते!" मेणात पुन्हा दात बसवले. हात कामात, डोकं कालच्या वाळूवर.

माझं काय चुकलं? ऑक्टोबरात अँजिओप्लास्टी झालेला माणूस, वय एकाहत्तर. डॉक्टर हसत हसत म्हणतात, "वल्हवा की! गटाने जा, आणि दम लागला तर थांबा." थांबा? समुद्रात काय बस स्टॉप आहे?

पण ते 'नाही' पाण्यासाठी ठेवलेलं आहे. मी ते माणसासाठी वापरलं. बाबांना समोर बसवून "तुम्ही जाऊ नका" म्हणायची हिंमत नाही, म्हणून नियमाच्या पदराआड लपले. वाईट वाटतंय. तरी पुन्हा तसंच करीन असंही वाटतंय!

१५ फेब्रुवारी

धाकट्याचा फोन. तो सातासमुद्रापलीकडे बसून काळजी करतो, ती स्वस्त पडते. "ताई, तू त्यांना अडवत का नाहीस?"

"अडवलंय."

"कसं?"

सांगितलं नाही. म्हटलं, हवा चांगली नव्हती.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज ओढ जास्त, म्हणून मधलं बंद. किनाऱ्यालगतच नवीची शिकवणी. बाबा वाळूत खुर्ची टाकून बसलेले, हातात काठी.

"लाट कोण करतं?" त्यांनी नवीला विचारलं.

"वारा."

"मग आता वारा आहे, इथे लाट का नाही?"

बाबांनी वाळूत रेघ ओढली. वाऱ्याचा जोर किती, तो किती वेळ वाहतोय, आणि त्याला अंगण किती मोठं मिळालंय — लाट या तिघांची. वारा जमिनीकडून येत असला तर किनाऱ्याजवळ त्याला अंगणच नसतं. म्हणून इथे पाणी सपाट. तोच वारा मैलभर मोकळा धावला की तिकडे लाटा हातभर होतात. आणि आपण इथे उभे राहून म्हणतो, वा, काय शांत समुद्र आहे!

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं?" नवी म्हणाली.

बाबा किती हसले! "लाटेला नाचता येतंच गं. तिला फक्त अंगण द्यायचा अवकाश."

मग तिला धक्क्याजवळ नेलं, तिथवर बाहेरची लाट पोचते. तिथे भिंतीवर आपटून परत फिरलेल्या लाटा येणाऱ्या लाटांना भेटतात आणि पाणी जागच्या जागी उड्या मारतं. नवी घाबरली, पण कंबर सैल सोडून बसली, मी सांगितलं तशी. चांगली आहे पोरगी. घाई करत नाही. परत येताना म्हणाली, "ताई, समुद्रातून बघताना किनाऱ्यावरच्या लाटा लहान दिसतात, नाही? जवळ आल्यावर कळलं केवढ्या होत्या." म्हटलं, समुद्रातून आपल्याला त्यांची पाठ दिसते, म्हणून फसायला होतं.

बाबा सगळा वेळ खुर्चीत. त्यांचे खांदे मात्र तिच्या वल्ह्याबरोबर हलत होते.

२० फेब्रुवारी

बाबा गच्चीत पाण्याचे डबे घेऊन व्यायाम करतात. मला दिसू नये म्हणून मी आंघोळीला गेल्यावर.

२५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा भांगाचा रविवार. पुन्हा मी 'नाही'.

या वेळी थोडी झुळूक होती, तेवढाच मनाला आधार. पण मला माहीत आहे, त्या झुळुकेला कोणी भीक घातली नसती. मास्तर होडी उचलताना पुटपुटले, "काय कवळीबाई, समुद्राला पण दात आलेले दिसतात तुम्हाला." नियमाच्या अगदी काठावरचं बोलणं! बाबांनी लगेच त्यांच्याकडे पाहिलं.

नवी बिचारी गोंधळली. चहा घेताना माझ्या कानात — "ताई, मला काहीच दिसलं नाही. मी काय बघायला हवं होतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटतंय, मला दिसतं ते तिला दिसत नाही. म्हटलं, "येईल हळूहळू." काय येईल? खोटं बोलायला येईल?

३ मार्च

बाबांशी बोलायचं ठरवलं. जेवताना विचारलं, "बेटावर काय आहे एवढं? बंद पडलेलं दीपगृह आणि पक्ष्यांची घाण."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "ऑक्टोबरपासून लोक माझ्या हातातली पिशवी काढून घेतात. वाणी घेतो, शेजारीण घेते, तू घेतेस. वाईट नाही कोणी. पण मला एकदा अशा ठिकाणी जायचंय जिथे माझं वजन मीच न्यायचं असतं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मग खुशाल घ्या पिशवी."

मी म्हणाले, "आणि मधेच काही झालं तर?"

"तर तू आहेस, मास्तर आहे. शिवाय पाणी वाचणारी चार माणसं आहेत. एवढ्यासाठीच तर ओळ लावतो."

मी ताट उचलून आत गेले.

८ मार्च

येता रविवार शेवटचा. त्यानंतर दुपारचा खारा वारा सकाळपासूनच सुटतो आणि मधलं थेट वर्षअखेरीपर्यंत बंद. वर्षअखेरीला बाबांचं काय असेल कोण जाणे.

ठरलं. रविवारी मी 'हो' म्हणणार. दोनदा त्यांच्या तोंडचा घास काढला, पुरे झालं. शपथच घेतली स्वतःशी. हलकं वाटलं एकदम! आजोबांची कवळीही बसली — शिट्टी बंद.

११ मार्च, रविवार

सगळे परत आलो. उद्या लिहीन.

१२ मार्च

रजा टाकली. आता सगळं लिहिते, जसं झालं तसं.

सकाळी वाळूवर आलो तेव्हा वारा पाठीवर होता. जमिनीकडचा. पहाटेचा मतलई वारा असतोच, ऊन चढलं की तो थकतो, त्यात विशेष काही नाही. समोर पाणी ताटासारखं सपाट. पण मी नजर लांब टाकली — सवयच आहे — आणि क्षितिजाची रेघ सरळ नव्हती. करवतीसारखी दातेरी. दिवसभर दातांच्या कडा बघणारी बाई मी, मला कड चुकत नाही. इतक्या लांबून दाते दिसतायत म्हणजे तिथे लाटा मोठ्या. म्हणजे वारा थकणाऱ्यातला नाही. म्हणजे नाही.

नवी म्हणाली, "हो." मोठ्या आवाजात, खूश होऊन.

माझी पाळी आली. मला वाटलं, आता मी 'नाही' म्हणाले तर बाबा आयुष्यभर समजतील की हेही तसलंच. आणि मी शपथ घेतली होती. आणि कदाचित वारा थकेल. हे सगळं एका श्वासात मनात आलं, आणि मी म्हणाले — हो.

मास्तर थांबले. मग "हो". बाबा त्यांच्याहून जास्त थांबले. मग "हो".

जाताना काही कष्टच नाहीत! ओहोटी बाहेर चाललेली, वारा पाठीशी, दोघं मिळून आम्हाला ढकलत होते. नवी ओरडत होती, "ताई, किती सोपं आहे!" सोपंच होतं. पहिल्यांदा बोटभर लाटा, मग वीतभर, मग पाठीमागून होडी उचलून पुढे सोडणाऱ्या. बाबा सगळ्यांच्या पुढे. मी त्यांची पाठ बघत होते. ती पाठ गेल्या ऑक्टोबरपासून मी अशी ताठ पाहिली नव्हती.

बेटावर पोचलो. बाबांनी आपली होडी स्वतः ओढून वर घेतली. कोणी हात लावला नाही. दीपगृहाच्या पायरीवर बसून ते ब्रेड खात होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, बरं झालं खोटं बोलले. खरंच वाटलं तसं. इथे तरी लपवायचं कशाला?

वारा थकला नाही.

बेत असा असतो की ओहोटी संपली की जरा थांबायचं आणि भरती सुरू झाली की तिच्याबरोबर घरी यायचं. भरती सुरू झाली. पाणी घराकडे निघालं, आणि वारा अजून समुद्राकडेच. हे दोघं समोरासमोर आले की लाट पसरत नाही, उभी राहते. दोन लाटांमधलं अंतर होडीएवढंही उरत नाही. नाक एकीत खुपसतं तोवर शेपूट दुसरीवर चढलेलं. जाताना ज्या पाण्याने खांद्यावर घेऊन नेलं, त्याच पाण्यात येताना एकेक हातभर अंतर कमवावं लागत होतं. सगळीकडे पांढरे तुरे — बाबा त्यांना बगळे म्हणतात. बगळ्यांचा थवाच बसला होता पाण्यावर.

अर्ध्यात नवी उलटली. एक लाट कुशीवर आली, तिने कंबर सैल सोडायच्याऐवजी ताठ केली, आणि गेली. बाबा सगळ्यात जवळ होते. मी ओरडले, "बाबा, तुम्ही नको!" ऐकतात कसले! वळले, तिची होडी सरळ केली, आपल्या होडीला चिकटवून धरली. "पोटावर ये! पाय पाण्यात मार! आता वळ!" ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आत आली. तोवर वाऱ्याने दोघांना पुन्हा बेटाच्या दिशेने मागे नेलं होतं. बाबांचा चेहरा राखेसारखा. नवीचं वल्हं गेलेलं.

मास्तरांनी बाबांना दोर लावला. मी नवीला. मग फक्त ओढणं. नवी मागून सारखी म्हणत होती, "सॉरी, ताई. सॉरी." दात वाजत होते तिचे. मी म्हणाले, "बोलू नकोस, समोर बघ." किनाऱ्यामागच्या टेकडीच्या आडोशाला आलो तेव्हा लाटा आपोआप बसल्या, जणू काही झालंच नव्हतं. किनाऱ्यावर पाणी तसंच, सपाट. कोणीतरी फिरायला आलेलं जोडपं आमचे फोटो काढत होतं.

बाबांना थेट दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक आहे. डॉक्टर आता हसले नाहीत.

१३ मार्च

सांगून टाकलं बाबांना. पहिली दोन 'नाही' खोटी होती, आणि हे 'हो' पण.

ते अंथरुणात पडून होते. "पहिली दोन मला माहीत होती. तू लहान असल्यापासून खोटं बोलताना पायाच्या अंगठ्याने वाळू उकरतेस. मी खाली बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम माझाच आहे ना."

मी रडले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "क्षितिजावरचे दाते मलाही दिसले होते गं, परवा. म्हातारा झालो, आंधळा नाही झालो. मी शेवटचा होतो. एक शब्द टाकला असता तर संपलं असतं. पण तू हो म्हणालीस, मास्तर म्हणाला, आणि मला जायचं होतं. फार जायचं होतं."

मग त्यांनी पाणी मागितलं.

१४ मार्च

मास्तर बाबांना बघायला आले. जिन्यात मला थांबवून म्हणाले, "खरं सांगू? मी नाहीच म्हणणार होतो. मग मनात आलं, जी बाई तेलासारख्या पाण्याला दोनदा नाही म्हणते, ती आज हो म्हणतेय. म्हणजे माझीच नजर गेली असणार."

इतका साधा माणूस. माझ्या खोट्या 'नाही'मुळे माझ्या खोट्या 'हो'ला केवढं वजन आलं! डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटून घ्यावंसं वाटलं.

बाबा आता बरे आहेत. काल स्वतः उठून दाढी केली. बेटाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत, पण मधेच हसतात. मला तेवढं पुरे आहे, असं म्हणायला हवं. आहेच पुरे. बाबा आहेत.

१६ मार्च

नवीचा मेसेज. "ताई, मी क्लब सोडतेय. माझ्यामुळे काकांचा जीव धोक्यात आला. तुम्ही एवढं शिकवलंत, पण मला पाणी वाचता येत नाही. माझ्यात ते नाहीच."

मी उत्तर लिहिलं, "आधी विश्रांती घे."

१८ मार्च, रविवार

नवीचे वडील शेडवर आले होते. बस चालवतात, ड्यूटीवर जाता जाता आलेले. क्लबचं लाइफ जॅकेट धुऊन, वाळवून, घडी घालून आणलं होतं. बाबांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमच्यामुळे पोरगी घरी आली. चूक तिचीच. तिला कळायला हवं होतं, पाणी कसं आहे ते."

मास्तर दोर गुंडाळत राहिले. मग मी सांगितलं — पाणी वाईट होतं, आम्हा तिघांनाही ते दिसलं होतं, तिची काही चूक नाही.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. जॅकेट त्यांच्या हातातच होतं.

"तिघांनाही दिसलं होतं," ते म्हणाले. "मग माझ्या मुलीला एकानेही का नाही सांगितलंत?"

त्यांची बस सुटायची वेळ झाली होती. तरी ते उभेच राहिले.